अकरा बोटांची रेहल

४ जानेवारी, शनिवार

या वहीत खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे. म्हणून सुरुवातीला, मी माझ्या हातांनी काय काय केलं त्याची यादी. स्टुलं, खुंट्या, फळ्या असल्या बारीकसारीक गोष्टी धरलेल्या नाहीत.

मशिदीतला मिंबर, म्हणजे प्रवचनाचं आसन, तीन पायऱ्यांचा, एकही खिळा नाही.

दारं चौतीस. त्यातली एकोणतीस अजून एका बोटाच्या धक्क्यानं लागतात. उरलेली पाच मालकांनी बादल्यांनी धुऊन फुगवली, त्याला मी काय करणार?

कपाटं एकोणीस.

गोल जिना एक, चौदा पायऱ्यांचा. घरमालक म्हणाला होता, आधी कागदावर काढून दाखवा. म्हटलं, मला कागदावर येत नाही, लाकडात येतं.

या घरातलं झाडून सगळं लाकूडकाम, बायकोच्या शिलाई मशिनची पेटी धरून.

रेहल दोनशे सहा. रेहल म्हणजे कुराणशरीफ ठेवून वाचायची घडीची घोडी. माझ्यानंतर ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून सांगतो. बाजारात दोन फळ्या घेऊन मध्ये बिजागरी ठोकतात. मी एकच फळी घेतो. तिच्या मध्यावर दोन्ही अंगांनी एकमेकांत अडकणारी बोटं पटाशीनं कोरायची आणि मग फळी जाडीतून, दोन्ही टोकांकडून त्या बोटांपर्यंत चिरत आणायची. सगळं जुळलं तर हलक्या हातानं ओढताच फळी फुलासारखी उघडते. पानं दोन होतात, लाकूड एकच राहतं. खिळा नाही, सरस नाही, जोड नाही. केसभर चुकलं तर एक बोट कट्‌कन तुटतं आणि फळी जळणात जाते. पाच बोटांच्या एकशे अठ्ठ्याण्णव. सात बोटांच्या सात. अकरा बोटांची एक. ती विकायची नाही.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. चौथीत शाळा सुटली. मोडकं सामान दुरुस्तीला यायचं, ते मी आधी पूर्ण उलगडायचो आणि मगच जोडायचो. तीच माझी शाळा.

आता वही का? मशिदीच्या नव्या वाचनदालनात एक मोठी, जुनी, हातानं लिहिलेली कुराणाची प्रत ठेवणार आहेत. तिच्यासाठी नऊ बोटांची रेहल सांगितली आहे. आज दुपारी ती उघडायला घेतली आणि चौथं बोट तुटलं. गेल्या तीन वर्षांत पाचापेक्षा जास्त बोटांची एकही रेहल माझ्या हातून नीट उघडलेली नाही. हात तोच, पटाशी तीच, लाकूड मी स्वतः पारखलेलं. मग उरतं काय? नजर. नजर लागणं खरं आहे, हे खुद्द पैगंबरसाहेबांनी सांगितलं आहे, तिथे माझ्या शंकेला जागा नाही. प्रश्न एवढाच, कोणाची? आजपासून कारखान्यात कोण आलं, काय बघितलं, काय बोललं आणि त्यानंतर काय बिघडलं, याची नोंद ठेवणार. हुडकून काढतोच.

६ जानेवारी, सोमवार

आलेले लोक दोन.

एक, समोरचा पॉलिशवाला. दारातूनच, "वा शेठ, काय गुळगुळीत पान काढलंय!" पुढे नजर लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाअल्लाह नाही, काही नाही. त्याला टोकलं. म्हणाला, "बरं बाबा, माशाअल्लाह. आता रंधा द्या एक दिवस." रंधा दिला नाही. नजर असेल तर रंध्यावरच असेल.

दोन, जुन्या वस्तूंचे व्यापारी. पांढरी दाढी, सोन्याच्या काडीचा चष्मा, मागून कोणी आपली पावलं मोजत असावं तसं चालतात. वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली अकरा बोटांची रेहल त्यांना दिसली. मी खाली काढली. त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. 

"ही तुमचीच?" त्यांनी विचारलं.

"हात इथलाच आहे," मी म्हटलं.

"असा हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. कोणाला दाखवू का?"

म्हटलं, दाखवा हवं तर, विकायची नाही. ते हसले आणि फोटो काढून गेले. त्यांनीही बरकतीचा शब्द काढला नाही. नोंद केली.

८ जानेवारी, बुधवार

संरक्षणाची व्यवस्था केली. फजर आणि मगरीबच्या, म्हणजे पहाटेच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजानंतर कुराणातल्या शेवटच्या तीन सुरा, इख्लास, फलक, नास, प्रत्येकी तीन वेळा, मग ओंजळीत फुंकर घालून ते हात डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत फिरवायचे. फलकमध्ये शेवटी हेवा करणाऱ्याच्या हेव्यापासून पनाह मागितली आहे, तिथे मी थोडा आवाज चढवतो.

पॉलिशवाल्यानं निळ्या काचेचा मणी आणून दिला. दारावर टांगा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या दुकानाला गुण आला. परत केला. ज्यानं सगळं बनवलं त्याच्या आसऱ्याला जायचं सोडून काचेच्या मण्याआड लपू? तो म्हणाला, "मण्यावर एवढा राग कशाला? तो काय तुमचा भाऊ आहे?"

गंमत म्हणून बोलला असेल. मला काही गंमत वाटली नाही.

११ जानेवारी, शनिवार

नवी फळी घेतली होती. बोटं कोरून झाली, एकूणएक नऊ, आतून तासलेली, सुई फिरेल एवढी फट. चिरायला फळी शिकंज्यात उभी लावली. वरून तीन वीत चिरत आलो, उलटी केली, दुसरीकडून आलो. उघडायला गेलो आणि सहावं बोट गेलं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं, पण हाय हाय केलं नाही. तिनं कपावर बशी झाकली आणि विचारलं, "अहो, ती मोठी करवत दोन मुठींची आहे ना?"

"हो. मग?"

"मग दुसरी मूठ कोण धरतं?"

बायकांना करवतीतलं काय कळतं! करवत एकट्यानंही चालवता येते. मूठ रिकामी राहिली म्हणून पात्याचं काही अडत नाही. फक्त दर हाताला ती जराशी झोल खाते, तेवढं मनगटानं सांभाळायचं. हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चहा निवतोय."

आता एकच मोठी फळी उरली. शिसवीची, एकसंध, आठ वर्षं वाळवलेली. भिंतीला उभी आहे. ती धाकट्या भावानं आणि मी मिळून आणली होती. वखारीत तो लाकडावर कान ठेवून बोटानं वाजवायचा. मी डोळ्यांनी लाकूड पारखतो, तो कानांनी. म्हणाला होता, "भाईजान, ही आत्ता नको. ही थांबू दे. ही बोलेल तेव्हा कापू."

तिला हात लावायच्या आधी नजरेचा निकाल लावला पाहिजे.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्यानंतर इमामसाहेबांना गाठलं. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षं तरी लहान, पण पुस्तकं वाचलेला माणूस, म्हणून मान देतो. त्यांच्या खोलीत सगळीकडे पुस्तकं आणि खोकल्याच्या बाटल्या. खुर्चीचा मागचा पाय दोन सूत आखूड आहे, बसल्यावर डुगडुगते. येऊन नीट करून देईन म्हटलं.

वही काढली. तारीखवार वाचून दाखवली. पॉलिशवाला, व्यापारी, तीन गिऱ्हाइकं, मीटर बघायला आलेला माणूस. विचारलं, यातला कोण?

ते खोकले, पाणी प्यायले, म्हणाले, "नोंदी फार चोख ठेवल्यात."

"सवय आहे."

"एक रकाना राहिला."

"कोणता?"

"तुमच्यावर कोणाकोणाची नजर पडली ते लिहिलंत. तुमची कोणावर पडली ते नाही."

मी म्हटलं, मी कोणाचा हेवा करावा असं या बाजारात कोण आहे?  त्यांनी एक हकिगत सांगितली. पैगंबरसाहेबांच्या वेळी एक माणूस अंघोळ करत होता. दुसऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, असली नितळ कांती मी कधी पाहिली नाही. पहिला जागच्या जागी कोसळला. पैगंबरसाहेबांना कळलं तेव्हा ते रागावले. म्हणाले, तुमच्यातला एखादा आपल्याच भावाला का मारतो? आवडलं होतं तर त्याच्यासाठी बरकतीची दुआ का नाही मागितलीस? मग त्या दुसऱ्याला तोंड, हात, कोपर, गुडघे, पावलं धुवायला लावली आणि ते पाणी आजारी माणसावर मागून ओतलं. तो उठून सगळ्यांबरोबर चालू लागला.

"तो दुसरा माणूस वाईट नव्हता," इमामसाहेब म्हणाले. "सोबती होता. नजर दुश्मनाचीच लागते असं थोडंच आहे? ज्याला आवडतं त्याचीही लागते. फक्त दुआ तोंडाशी येऊन अडते. आणि धुवायला सांगितलं तर धुवावं, नाही म्हणू नये, असंही फर्मान आहे."

ते हे माझ्याकडे न बघता, बाटलीचं झाकण फिरवत सांगत होते. यांना कोणी सांगितलं? मी उठलो. बाहेर येऊन चपला घातल्या आणि चौकापर्यंत आल्यावर लक्षात आलं, एक दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

१८ जानेवारी, शनिवार

चप्पल परत केली. इमामसाहेबांची खुर्ची नीट करून दिली. लगेच निघालो.

२१ जानेवारी, मंगळवार

आपाचा फोन. थोरली बहीण, कानानं कमी ऐकते म्हणून जगालाही कमी ऐकू येतं असं समजून बोलते.

"जिवंत आहेस का? की तुझ्याच एखाद्या कपाटात बंद झालास?"

"कामात होतो."

"तू कायमच कामात असतोस. मी धाकट्याकडे चार दिवस राहून आले. विचार तरी कसा आहे म्हणून."

मी विचारलं नाही. तिनं सांगितलंच. शाळेच्या दारावर बसतो. घंटा देतो, डाव्या हातानं. उजव्याची तीन बोटं अजून मिटत नाहीत. त्याची बायको बटणं लावून देते. पोरं त्याला घंटाचाचा म्हणतात.

"आणि ऐक. मी निघताना मला विचारतो, आपा, ती शिसवीची फळी अजून उभी आहे का? माझी तब्येत नाही विचारली हो, ना आणखी कोणाची, फळीची विचारली! दोघं मेले एकाच झाडाचे."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, मला फळीतलं काय कळतं! तूच सांग की. तोंडात खिळे धरलेत का?"

फोन ठेवल्यावर फळीपाशी गेलो. वाजवून पाहिली. मला लाकडातलं ऐकू येत नाही. कधीच आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

पहिल्या पानावर एक ओळ खोटी आहे.

अकरा बोटांची रेहल मी केलेली नाही.

माझी सर्वांत मोठी सात बोटांची. नऊ मला आजवर साधलेली नाही, ना तीन वर्षांपूर्वी, ना आता. अकरा धाकट्यानं केली, सत्तावीस दिवसांत, माझ्याच कारखान्यात, माझ्याच पटाशीनं. चिरताना दुसरी मूठ मी धरली होती, तेवढाच माझा हात. आणि मला कोणी शिकवलं नाही हेही धड खरं नाही. अब्बा गेले तेव्हा तो सात वर्षांचा, मी सतरा. करवतीच्या त्या टोकाला त्याला उभा केला तेव्हा त्याची मान मुठीपर्यंतही पोचत नव्हती, विटांवर उभा राहायचा. मी त्याला सांगायचो, ढकलायचं नाही, फक्त ओढायचं, ढकलण्याचं काम माझं नाही आणि तुझंही नाही, तू ओढ, मी ओढतो. त्यातून मला आधी कळलं की करवत सरळ कशी जाते. त्याला शिकवता शिकवता मी शिकलो. बावीस वर्षं आम्ही असे समोरासमोर उभे राहिलो. त्याच्या डोळ्यांतून मला माझी रेघ कळायची.

आता तो दिवस.

रेहल त्यानं माझ्यासमोर उघडली. टक्क असा एकच आवाज झाला, सुपारी फोडावी तसा. अकरा बोटं, एकमेकांत गुंतलेली, आणि एकही रेघ वाकडी नाही. मला आनंद झाला. हे शपथेवर लिहितो, आनंद झाला. पण लाकूड कापता कापता आत जुना खिळा लागावा तसं त्या आनंदाच्या पोटात काहीतरी पात्याला लागलं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून बारकल्लाह, म्हणजे अल्लाह बरकत देवो, यायला हवं होतं. एवढा एक शब्द. मी म्हणालो, "आता तुला माझी गरज उरली नाही."

तो हसला. त्याला वाटलं शाबासकी आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचं मनगट सुजलं. ताप. आठवड्यात बोटं लाकडासारखी. डॉक्टर म्हणाले नस दबली, कापून मोकळी केली, तरी बोटं मिटेनात. त्याची बायको माझ्या दारात आली, इमामसाहेबांना विचारून, हे मला आत्ता उमगतं. पाच लिटरचा पांढरा कॅन हातात, नवा, झाकणाला अजून चिठ्ठी चिकटलेली. म्हणाली, "भाईजान, वाईट मानू नका. वुजूचं, हातपाय धुतलेलं पाणी द्या एवढंच. तुमच्या मनात काही नाही, मला माहीत आहे." मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मी बापाच्या जागी आणि माझ्यावर आळ, असं काहीसं. ज्याला हात दिला त्याचा हात मी घेईन का, असं तर बाजार गोळा होईल एवढ्या मोठ्यानं बोललो. तिनं कॅन उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. महिन्याभरात त्यांनी गाव सोडलं. रेहल धाकट्यानं इथेच ठेवली. निघताना म्हणाला, "वर राहू दे, खाली ठेवली तर कोणीतरी पाय लावेल." आणखी काही नाही.

कॅन मी फेकला नाही. तीन वर्षं त्यातलं पाणी धार लावायच्या दगडावर घेतो. रोज सकाळी. का ते माहीत नाही, हाताशी असतो म्हणून असेल.

२६ जानेवारी, रविवार

बायकोला वही वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "शेजारीपाजारी, मीटरवाला, सगळ्यांची नावं लिहिलीत. भावाला एवढं जपून शेवटी ठेवलंत?"

म्हटलं, जर ते खरं निघालं तर?

"खरं निघालं तर पाणी लागेल. खोटं निघालं तरी भाऊ भेटेल. तुमचं जाईल काय?"

काय जाईल ते तिला सांगता आलं नाही. इथेही नीट लिहिता येत नाही. धुतलं म्हणजे कबूल केलं. आणि कबूल केलं, आणि हात बरा झाला, तर तो मीच मारला होता. आणि धुतलं तरी बरा नाही झाला, तर मग माझ्याकडे त्याला द्यायला काहीच उरलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

कॅन घासला. राखेनं दोनदा, मग गरम पाण्यानं. तळाशी दगडाची पांढरी साय बसली होती, ती काडीनं काढली.

न्हाणीत मोठं घमेलं ठेवलं. बायकोनं तांब्यानं पाणी घातलं. बिस्मिल्लाह म्हणून तोंड धुतलं, हात, कोपर, गुडघे, पावलांची बोटं, लुंगीची आतली कड, इमामसाहेबांना परत जाऊन क्रम विचारून आलो होतो तसं. थेंबही बाहेर जाऊ दिला नाही. पाण्यात भुसा उतरला. कोपरांच्या घड्यांतून, नखांतून, इतका निघाला की बायको म्हणाली, "अहो, यात तर अख्खं स्टूल आहे."

मी हसलो. मग तिथेच घमेल्याशेजारी बसून राहिलो. तिनं पाठीवर कोरडा टॉवेल टाकला आणि कॅनवर गाळणं धरलं. म्हटलं, गाळू नकोस. भुसा राहू दे.

२ फेब्रुवारी, रविवार आणि ३, सोमवार, मिळून

बसनं चार तास. कॅन मांडीवर. कंडक्टर म्हणाला, चाचा, तेल असेल तर खाली ठेवा. म्हटलं, पाणी आहे. म्हणाला, तिथे पाणी मिळतं की हो. शेजारची बाई हसली. मीही हसलो.

रविवारी पोचून मुसाफिरखान्यात उतरलो. पत्ता असून घरी गेलो नाही. हिंमत झाली नाही, दुसरं कारण लिहिण्यात अर्थ नाही. सोमवारी सकाळी आधी शाळेपाशी गेलो. समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

तो स्टुलावर बसला होता. केस पिकलेत, माझ्याहून जास्त. स्टुलाचा एक पाय त्यानं स्वतः बदललेला, लांबूनही कळलं, जोडाची कूस इतकी बसकी फक्त तोच ठेवतो. डाव्या हातानं केली असणार. मग वेळ झाली. तो उठला, डाव्या हातानं लोखंडी दांडी घेतली आणि घंटा दिली. तीन ठोके. घाई नाही, ओढाताण नाही, प्रत्येक ठोका आधीच्यावर नेमका. हातात काम आलं की तो जसा उभा राहायचा तसाच उभा होता.

मला आवडलं. फार आवडलं. आणि या वेळी मी तोंड उघडलं. "बारकल्लाह," म्हणालो. जोरात म्हणालो असणार, कारण फाटकातली दोन पोरं वळून बघायला लागली आणि त्यानंही बघितलं.

दांडी खुंटीला लावून तो रस्ता ओलांडून आला. माझ्याकडे बघितलं, मग कॅनकडे.

"भाईजान, हा तोच का?"

"तोच."

"सरस तर नाही ना ठेवलात यात?"

"घासून घेतलाय. दोनदा."

"तुम्ही घासला म्हणजे निम्मा उरला असेल."

दुपारी त्याच्या घरी गेलो. भावजयीनं दार उघडलं, कॅन घेतला, आणि आत जाईपर्यंत तो छातीशी धरून ठेवला. मला बसा म्हणाली नाही, पण खुर्ची पुसली. मोरीत धाकटा पाठमोरा बसला. ओतायचं काम तिनं माझ्यावर टाकलं नाही, स्वतः केलं, डोक्यावरून, पाठीवरून, एका दमात. तो म्हणाला, "थंड आहे हो!" त्याच्या पाठीवर भुसा चिकटून राहिला. आम्ही तिघांनीही त्याच्या हाताकडे बघितलं. त्यानं मिटवून पाहिला.

तीन बोटं तशीच.

 भावजय म्हणाली, "अल्लाह त्याच्या वेळेनं करतो." आणि मला म्हणाली, "भाईजान, तीन वर्षं." एवढंच. पुढचं वाक्य तिनं गिळलं, आणि मला ते ऐकू आलं.

जेवल्यावर मी पिशवीतून तुटलेल्या रेहलीचं पान काढलं. त्यानं डाव्या हातात धरून उजेडाकडे फिरवलं, चिरेवरून अंगठा नेला.

"बोटं चांगली कोरलीत. करवत डावीकडे गेलीय."

"हो."

"दुसरं टोक?"

"कोणी नव्हतं."

त्यानं ते पान मांडीवर ठेवलं. मग मी सांगितलं की वहीत अकरा बोटांची मी माझ्या नावावर लिहिली होती. म्हणाला, "फळी तुमचीच होती की." म्हटलं, फळी माझी होती, रेहल तुझी. आणि त्या दिवशी मी शाबासकी दिली नव्हती. तो म्हणाला, "मला माहीत आहे." हसून म्हणाला. त्या दिवशी तो हसला होता ते मग कशाला, हे मी इतकी वर्षं चुकीचं धरून चाललो होतो.

निघताना म्हटलं, ओढायला डावा हात पुरतो, ढकलायचं तर कधीच नसतं. तो म्हणाला, "सुट्ट्या लागल्या की बघू." येतो म्हणाला नाही. नाही येत असंही म्हणाला नाही. बस सुटेपर्यंत उभा होता. मी मागच्या काचेतून बघत राहिलो, वळण येईपर्यंत, आणि वळणानंतरही.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनदालनाच्या लोकांना सांगून आलो, नऊ बोटांची आत्ता होणार नाही. कधी होईल? म्हटलं, दुसरं टोक धरणारा आला की. ते कधी येणार? म्हटलं, माहीत नाही. त्यांनी बाजारातून बिजागरीची आणली आहे. वाईट नाही. मी तिचे स्क्रू घट्ट करून दिले.

शिसवीची फळी भिंतीलाच आहे. येताजाता वाजवतो. मोठ्या करवतीची दुसरी मूठ तेल लावून ठेवली.

फलक आणि नास चालू आहेत. आता हेव्याच्या आयतीला आवाज चढवत नाही. हळू म्हणतो. पहिल्या पानावरची ओळ खोडून तिथे लिहिलं: अकरा बोटांची, धाकट्याची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

व्यापारी आले. बरोबर दुसऱ्या शहरातला एक संग्राहक, हातमोजे घालून आलेला. रेहल मी खाली काढून दिली. त्यानं उघडली. टक्क. माझ्या तोंडून बारकल्लाह निघालं, ते ऐकून तो गोंधळला.

व्यापाऱ्यांनी अट सांगितली. खालच्या अंगाला कारागिराचं नाव कोरून हवं. कारागीर म्हणजे मी. म्हटलं, ही धाकट्यानं केली आहे. बाजारात माझं नाव आहे, धाकट्याचं नाही, आणि आता त्याचा हातही नाही. "तुम्ही शिकवलंत ना त्याला?" ते म्हणाले. "मग नाव तुमचंच. लोक विचारणार नाहीत."

"मी विचारीन," म्हटलं. "ही माझ्या भावाची आहे. वर ठेव म्हणून सांगून गेलाय. तो येऊन उतरवेल."

"कधी?"

मी फळीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांना तिथे काही दिसलं नाही.

संग्राहकानं हातमोजा काढला, खिशातून पेन काढलं, आणि किमतीचा शेवटचा आकडा माझ्याच मापांच्या कागदावर लिहून ठेवला. मी नाही म्हटलं. रेहल कापडात गुंडाळून वर ठेवली. तपशील सोडायची मला सवय नाही, म्हणून तो आकडाही इथे उतरवून घेतो: तीन लाख चाळीस हजार.